बाबा 'बासीन'ला लढले नव्हते

आज नेहमीचा पाण्याचा, रस्त्याचा विषय नाही. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. ज्यांच्या घरात "आमचे आजोबा मिल्ट्रीत होते" असं एखादं वाक्य अजून फिरतंय, त्यांनी तर शेवटपर्यंत वाचा.

आमच्या घरात लहानपणापासून एक गोष्ट ठरलेली होती. बाबा दुसऱ्या महायुद्धात होते आणि ते ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले. सांगणारे काका, ऐकणारे आम्ही. पुरावा म्हणून ट्रंकेत एक कागद होता, डिस्चार्जचा. अर्धा वाळवीने खाल्लेला. उरलेल्या अर्ध्यावर इंग्रजीत टाईप केलेला एक शब्द स्वच्छ वाचता यायचा, 'बासीन'. काका म्हणायचे, "बासीन म्हणजे ब्रह्मदेशातलं बंदर, रंगूनच्या पश्चिमेला. नकाशात बघ." मी शाळेच्या अ‍ॅटलासमध्ये बघितलं. होतं. इरावतीच्या मुखाजवळ, ठळक अक्षरात. संपला विषय.

बाबा स्वतः काही बोलायचे नाहीत. १९४६ ला सुटून आले, थोडी शेती केली, मग मुंबईत नोकरी, रोज विरार लोकल. १९८१ ला गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. त्या वयात कोण विचारतं हो बापाला, तुम्ही कुठे होतात, काय बघितलंत म्हणून? आता विचारावंसं वाटतं तर माणूस नाही.

पण तीन गोष्टी डोक्यात राहिल्या होत्या. एक, बाबा कधीमधी पावाला 'पाने' म्हणायचे. आम्हाला वाटायचं विड्याची पानं मागतायत, आणि आम्ही हसायचो. दुसरी, थंडीत शेकोटीजवळ बसले की म्हणायचे, "ही काय थंडी? मी गुडघाभर बर्फात पहारा दिलाय." तिसरी सगळ्यात भारी. एकदा कुठल्याशा लग्नात म्हणाले होते, "आमच्या पलटणीने राजवाड्यात चित्रं राखली. भिंतीएवढी. बागेत उभ्या असलेल्या बायकांची." मंडपात हशा पिकला. त्यानंतर बाबांनी तो विषय कधी काढला नाही.

ब्रह्मदेशात गुडघाभर बर्फ आणि राजवाड्यात बायकांची चित्रं? आम्ही समजलो, म्हातारा थापा मारतोय.

आता मधली कडू गोष्ट सांगतो. महाराष्ट्र शासन दुसऱ्या महायुद्धातल्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा आर्थिक मदत देतं. कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही आईच्या नावाने अर्ज केला. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण त्याने आता काही होणार नाही. अर्जात आम्हीच लिहिलं, "ब्रह्मदेश आघाडी, बासीन." सैनिक क्रमांक वाळवीने खाल्लेला. पलटण माहीत नाही. दोन-तीन खेपा झाल्या, मग फाईल परत आली, "पुरेसा पुरावा नाही". मी तेव्हा खूप चिडलो होतो, चार लोकांत बोललोही. आज मान्य करतो, अर्ध्याहून जास्त चूक आमची होती. चुकीची माहिती आम्ही छातीठोकपणे लिहिली होती. आई काही वर्षांपूर्वी गेली. पैशांचं तिला फार नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की कुणीतरी कागदावर लिहून द्यावं, "हो, हा माणूस तिथे होता."

आई गेल्यावर ट्रंक पुन्हा उघडली. तळाशी कापडात गुंडाळलेली एक छोटी पट्टी मिळाली, शर्टाच्या खिशावर लावतात तशी, रंगीत रिबनच्या तुकड्यांची. त्यातला एक तुकडा लाल-पांढरा-हिरवा. लाल रंग उडून केशरीसारखा झालेला. आई त्याला तिरंगा म्हणायची, स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सैनिकांना दिला असेल म्हणून. मी नीट बघितलं. लाल, पांढरा, हिरवा, परत पांढरा, परत लाल. पाच पट्टे. हा आपला तिरंगा नव्हे.

मोबाईलवर शोधायला दहा मिनिटं लागली. ती 'इटली स्टार'ची रिबन आहे, रंग इटलीच्या झेंड्यावरून घेतलेले. ब्रह्मदेशात लढलेल्यांना 'बर्मा स्टार' मिळायचा आणि त्याची रिबन गडद निळी, मधे रुंद लाल पट्टा. पूर्ण वेगळी.

इटालियन भाषेत पावाला काय म्हणतात? 'पाने'. मी पलंगावर बसून राहिलो बराच वेळ.

मग 'बासीन' कुठून आलं? मंडळी, उत्तर आपल्या पायाखाली आहे. इंग्रजांच्या कागदोपत्री वसईचं नाव बासीनच होतं. १८०२ चा वसईचा तह इंग्रजी पुस्तकात 'बासीनचा तह' म्हणून येतो. आपलं वसई रोड स्टेशन जुन्या लोकांना बासीन रोड म्हणून आठवत असेल. ब्रह्मदेशातलं ते दुसरं बासीन, आज त्याला पाथेन म्हणतात. इंग्रजी स्पेलिंग दोन्हींचं एकच. बाबांच्या कागदावर जे वाचता येत होतं तो लढाईचा पत्ता नव्हता, घरचा पत्ता होता. तालुका बासीन, जिल्हा ठाणा. 'ठाणा' वाळवीने खाल्लं आणि आम्ही बाबांना ब्रह्मदेशात पाठवून दिलं. चाळीस वर्षं!

इथून खरा शोध सुरू झाला. कसा केला ते सविस्तर लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाची एवढी वर्षं जाणार नाहीत.

पहिलं काम, नंबर. सैनिक क्रमांकाशिवाय कुठलंही दार उघडत नाही. मी सगळ्या नातेवाइकांकडे फोन फिरवला. आत्याकडे गेलो तर ती कपाटातून एक गोल पदक घेऊन आली. "अरे, तुझ्या बापाचंच हे. चांदीचं असेल म्हणून ठेवलंय जपून." चांदीचं नव्हतं. ते १९३९-४५ चं वॉर मेडल. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असलेला सिंह. ब्रिटिश सैनिकांना ही पदकं कोरी मिळाली, पण भारतीय सैन्याच्या पदकांवर बरेचदा नाव घातलेलं असतं. कुठे? कडेवर. नाण्याची कड असते ना, तिथे. भिंग लावून वाचलं. नंबर, हुद्दा शिपाई, बाबांचं नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये थोडं वाकडं, आणि पुढे 'मऱ्हाटा एल. आय.' म्हणजे मराठा लाईट इन्फंट्री. घरात पदक असेल तर आत्ता उठून कड बघा. घासून चकचकीत मात्र करू नका, अक्षरं जातात.

दुसरं काम, रेजिमेंटला पत्र. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, अभिलेख कार्यालयही तिथेच. नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, आणि जुना पत्ता 'तालुका बासीन, जिल्हा ठाणा' असाच लिहिला. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याआधीच्या कुठल्याच कागदात पालघर जिल्हा सापडणार नाही. पेन्शन नसलेल्या सैनिकाची सेवापुस्तिका ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जाते, म्हणून फार आशा नव्हती. पण 'लाँग रोल' नावाची एक नोंदवही असते, ती कायम ठेवतात. त्यात एका माणसाची एक ओळ. बाबांची ओळ सापडली. भरती १९४१, सुटका १९४६, आणि मधे '१/५'.

हे १/५ म्हणजे १ मे नव्हे, मी आधी तेच समजलो होतो. त्या काळी रेजिमेंटचं नाव होतं पाचवी मऱ्हाटा लाईट इन्फंट्री. १/५ म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली बटालियन. हीच ती 'जंगी पलटण', १७६८ साली उभी राहिलेली.

तिसरं काम, पलटण कुठे कुठे होती ते शोधणं. प्रत्येक बटालियन युद्धात रोजची डायरी ठेवायची, वॉर डायरी. इटलीतल्या डायऱ्या लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, 'डब्ल्यूओ १७०' या मालिकेत. एका मित्राची मुलगी तिकडे शिकते. बिचारीने एक शनिवार खर्ची घातला आणि पानांचे फोटो काढून पाठवले. रात्री जागून वाचले मी ते.

आता त्या पलटणीचा प्रवास थोडक्यात. जंगी पलटण आठव्या इंडियन डिव्हिजनच्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये होती. डिव्हिजन आधी इराक-सीरिया भागात होती. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टाचेला, तारांतो बंदरात उतरली. पुढे बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो अशा नद्या, त्याही ऐन पावसात आणि चिखलात. मे १९४४ मध्ये कासिनोची लढाई. मग रोमच्या पुढे उत्तरेला, उन्हाळ्यात फ्लोरेन्सजवळ. १९४४-४५ चा हिवाळा अपेनाइन डोंगरात, बर्फात. बाबांचा गुडघाभर बर्फ हाच असावा. आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदी.

सेनिओची गोष्ट प्रत्येक मराठी माणसाला माहीत हवी. नदीला दोन्ही बाजूंनी उंच बांध, बांधात जर्मनांच्या मशीनगन, पाण्यात आणि काठावर सुरुंग. याच जंगी पलटणीतला शिपाई नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचा, कंपनीचा रनर होता. एका जखमी सोबत्याला घेऊन त्याने खोल पाणी आणि सुरुंगांचा पट्टा ओलांडला. परत जाऊन दुसऱ्या जखमीला आणलं. मग एकट्याने मशीनगनच्या तीन चौक्या उडवल्या. हाताला गोळी लागून बंदूक धरता येईना तेव्हा हातबॉम्ब टाकले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी १० जुलै १९४४ ला तिसऱ्या बटालियनचा नाईक यशवंत घाडगे, रायगडच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा, वरच्या टायबर खोऱ्यात एकटाच मशीनगनवर धावून गेला आणि पडला. त्यालाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्याच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्या देशातल्या छोट्या गावाला आपला माणूस आठवला.

इटलीत सुमारे ५०,००० भारतीय सैनिक लढले, त्यातले ५,७८२ परत आले नाहीत. सांग्रो नदीकाठच्या युद्ध दफनभूमीत एक वेगळं स्मारक आहे, ज्यांना धर्माप्रमाणे अग्नी दिला अशा ५०० हून अधिक भारतीयांचं.

आणि ती चित्रं?

१९४४ च्या उन्हाळ्यात फ्लोरेन्सच्या नैर्ऋत्येला मोंतेगुफोनी नावाच्या वाड्यात आठव्या डिव्हिजनचे मराठा जवान मुक्कामाला होते. बाँबहल्ल्यात सापडू नयेत म्हणून फ्लोरेन्सच्या उफिझी आणि पित्ती संग्रहालयांतली शेकडो चित्रं त्या वाड्यात आणून ठेवलेली होती. एरिक लिंकलेटर नावाचा लेखक तिथे आला आणि बघतो तर काय, भिंतीला टेकून उभं आहे बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा'. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रांपैकी एक. त्यात काय आहे? बागेत उभ्या असलेल्या बायका. त्या चित्रांवर पहारा मराठा जवानांचा होता.

मी स्पष्ट सांगतो, त्या पहाऱ्यावर बाबा स्वतः होते असा कुठलाही कागद माझ्याकडे नाही. डिव्हिजनमध्ये मराठ्यांची जंगी पलटण होती तशी एक मशीनगन बटालियनही होती. डायरीत अधिकाऱ्यांची नावं येतात, साध्या शिपायाचं नाही. शिपाई फक्त आकडा असतो, "अमुक इतके इंडियन अदर रँक जखमी." तेव्हा मी एवढंच म्हणेन, बाबा थापा मारत नव्हते. स्वतः बघितलं असेल किंवा सोबत्याकडून ऐकलं असेल, पण गोष्ट खरी होती. आणि त्या मांडवात हसणाऱ्यांत मीही होतो.

आता एक अवघड प्रश्न. बाबा गप्प का राहिले? मला वाटतं त्याचं उत्तर इटलीत नाही, इथेच आहे. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरला 'चले जाव'च्या मोर्चावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. आपण दरवर्षी त्यांना वंदन करतो, करायलाच हवं. त्या दिवशी बाबा त्याच सरकारची खाकी घालून होते. सुटून आल्यावर गावात काय ऐकावं लागलं असेल? "इंग्रजाचा शिपाई." एका बाजूला इंग्रजांना त्यांची गरज संपलेली, दुसऱ्या बाजूला नव्या देशाला त्यांची अडचण. असा माणूस गप्पच बसणार.

मी बाबांना स्वातंत्र्यसैनिक म्हणणार नाही, ते नव्हते. घरात खाणारी तोंडं जास्त आणि शेत कमी, म्हणून ते भरती झाले असं आई सांगायची. पण समोर हिटलरचं सैन्य होतं हेही खरं. जवळपास २५ लाख भारतीय त्या युद्धात वर्दीत होते, त्यातले ८७,००० च्या आसपास मेले. एवढ्या माणसांना एका शब्दात 'भाडोत्री' म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. पाच हुतात्मे आणि माझा बाप, दोघांनाही एकाच जिल्ह्याच्या इतिहासात जागा आहे. एकाची आठवण काढली म्हणून दुसऱ्याचा मान कमी होत नाही.

आपण वसईकर १७३९ चा विजय दरवर्षी मे महिन्यात साजरा करतो. चिमाजी आप्पांच्या फौजेत कोण कुठून आलं यावर वाद घालतो. पण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी याच तालुक्यातून कोण कोण इराकला, इटलीला, ब्रह्मदेशाला गेलं, त्याची साधी यादी आपल्याकडे नाही. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने कोकणातल्या बऱ्याच गावांत दगडी पाट्या लावल्या, "या गावातून इतके गेले, इतके मेले" अशा. त्यात नाव नाही, पण निदान आकडा तरी आहे. दुसऱ्या महायुद्धाचं आपल्याकडे तेवढंही नाही. आणि ती ट्रंक, ती पदकं, तो कागद आता शेवटच्या घटका मोजतायत. जुनं घर पाडून टॉवर उभा राहतो तेव्हा पहिली भंगारात जाते ती ट्रंक.

म्हणून काम सांगतो.

घरातलं पदक, रिबन, कागद, जुना फोटो, जे असेल त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पदकाची कड विसरू नका.

शोधताना वसई नाही, बासीन लिहा. ठाणे नाही, ठाणा. आडनावाची तीन-चार स्पेलिंग करून बघा, भरती करणाऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय.

रेजिमेंट ओळखा आणि तिथेच पत्र लिहा. मराठा लाईट इन्फंट्री बेळगाव, महार रेजिमेंट सागर, बॉम्बे सॅपर्स खडकी, आर्मी सर्व्हिस कोअर बंगळुरू. सगळेच बंदूकवाले नव्हते. ड्रायव्हर, स्वयंपाकी, कारकून, दवाखान्यातले नोकर, सगळ्यांची नोंद कुठे ना कुठे झालेली असते.

कुणी परत आलंच नसेल तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या वेबसाईटवर नाव शोधा. तिथे फक्त मृतांची नावं असतात. माझे बाबा जिवंत परतले, म्हणून ते तिथे नाहीत.

अर्नाळा, नायगाव, पाचूबंदरच्या कोळी बांधवांनी आणि आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनी नौदल आणि व्यापारी जहाजंही तपासावीत. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक आहे, ६,००० हून अधिक व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं आणि नौदलाच्या सुमारे ४०० जणांचं. लोकलने तासाभराच्या अंतरावर. आपल्यातले किती जण गेलोत तिथे? मीही गेल्या वर्षीच पहिल्यांदा गेलो. ख्रिस्ती घरांत जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग नक्की करायला चर्चची बाप्तिस्मा नोंदवही कामाला येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. घरात पंच्याऐंशी-नव्वदीची आजी, आत्या, मावशी असेल तर या रविवारी तिच्याजवळ बसा. कागदात नसलेलं तिच्याकडे असतं. ती काही विचित्र बोलली तर हसू नका. लिहून ठेवा.

तुमच्याकडे जे असेल ते खाली कमेंटमध्ये टाका, किंवा मला मेसेज करा. गाव, नाव, पलटण माहीत असेल तर पलटण. एक वही केली आहे, तालुक्याची यादी करतोय. आत्तापर्यंत अकरा नावं झालीत. पहिलं नाव बाबांचं आहे, आणि त्यांच्या समोरच्या रकान्यात मी 'ब्रह्मदेश' खोडून 'इटली' लिहिलंय.